लॉबीत पाय पडला, मग गुण कोणाचा?

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. मध्य प्रदेशातलं आमचं पांढुर्णा वेगळा जिल्हा होऊन दोनच दिवस झाले होते आणि चौकाचौकात त्याचीच चर्चा होती. सावरगावात आम्ही आठ-दहा जण मात्र एका मित्राच्या दुकानात टीव्हीसमोर बसलो होतो. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई खेळांत पुरुषांच्या कबड्डीची अंतिम लढत चालू होती, भारत विरुद्ध इराण. गुणफलकावर २८-२८. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला, कोणाला हात लागण्याआधीच बाजूच्या पट्ट्यात त्याचा पाय पडला, इराणचे बचावपटू त्याच्यावर तुटून पडले आणि शिट्टी वाजली. त्यानंतर सुमारे तासभर खेळ झालाच नाही.

निर्णय आपल्या बाजूनं लागला की आम्ही ओरडायचो, थोड्या वेळानं तो फिरला की गप्प व्हायचो. आधी एका संघाचे खेळाडू मॅटवर बसले, मग दुसऱ्या. तरुणपणी कबड्डी गाजवलेले एक काका आमच्यात होते. ते सारखं एकच म्हणत होते, "अरे, काय झालं थे तं सांगा कोनी!" शेवटी सुवर्णपदक भारतालाच मिळालं, ३३-२९ असं. फटाके आणायला पोरं पळाली. काका चप्पल घालता घालता म्हणाले, "जिंकलो बावा. पन कसे जिंकलो, थे काही समजलं नाही."

त्या दिवसापासून मी नियम वाचायला लागलो. काकांना जे कोणालाच सांगता आलं नाही, ते इथे क्रमानं मांडतो.

लॉबी: एक मीटरचा पट्टा

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. रुंदीचे हे १० मीटर सगळा वेळ खेळायला मिळत नाहीत. दोन्ही कडांना एकेक मीटरचा पट्टा असतो, तोच लॉबी किंवा राखीव क्षेत्र. चढाई करणाऱ्याचा आणि बचाव करणाऱ्यांचा एकमेकांना स्पर्श होईपर्यंत हा पट्टा मैदानाबाहेरचा मानतात. तिथे पाय पडला की खेळाडू बाद. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली की तोच पट्टा मैदानात जमा होतो, आणि झटापटीत असलेल्या खेळाडूंना तिथून निसटता येतं, ओढता येतं, पकडता येतं.

म्हणजे एकाच जागी पडलेला पाय एका क्षणी बाहेर असतो आणि पुढच्या क्षणी आत. सगळं त्या पहिल्या स्पर्शावर अवलंबून. तो स्पर्श कधी नखाचा असतो, कधी बनियनच्या काठाचा. आमच्याकडे मातीच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारतात. दुसऱ्या डावापर्यंत लॉबीची रेषा पायांनी पुसून जाते, नुसता पांढुरका धुरळा उरतो. मग पंच खाली वाकून बोटानं रेषा शोधतो, आणि दोन्हीकडचे पोट्टे त्याच्या डोक्यावर वाकून त्याच धुरळ्यात आपापली रेषा दाखवत राहतात. हे मी कित्येक सामन्यांत पाहिलं आहे. मॅटवर रेषा पुसत नाही, हे खरं. पण हांगझोऊला भांडण रेषेचं नव्हतंच.

एक खेळ, दोन नियम

पवन कोणाला स्पर्श न करता लॉबीत गेला, म्हणजे तो बाद, यावर दोन्ही संघांचं फारसं दुमत नव्हतं. प्रश्न होता तो त्याच्यामागे लॉबीत उतरून त्याला बाहेर रेटणाऱ्या इराणी बचावपटूंचा. जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे झटापट नसताना जो जो लॉबीत उतरला तो तो बाद, मग तो चढाईवाला असो की बचाववाला. त्या हिशेबानं इराणचे ते सगळे खेळाडू बाद होत होते आणि भारताला गुणांची ओंजळ मिळत होती. प्रो कबड्डीत मात्र हा नियम बदलला आहे. तिथे चढाईपटूचा पाय लॉबीत पडला त्या क्षणी चढाई संपते. पुढे कोण कुठे उतरला, हे कोणी मोजत नाही. त्या हिशेबानं इराणला एक गुण आणि भारताला काही नाही.

दोन्ही संघ आपापल्या जागी खरं बोलत होते. हीच त्या तासाची खरी अडचण होती. इराणचे कितीतरी खेळाडू वर्षानुवर्षं प्रो कबड्डीत खेळत आले आहेत, त्यांच्या अंगात तोच नियम मुरलेला. आपल्या खेळाडूंच्याही तोच, पण स्पर्धेचं नियमपुस्तक वेगळं होतं आणि ते आपल्या फायद्याचं होतं. पंचांनी आधी एक निर्णय दिला, मग दुसरा, मग पुन्हा चर्चा. नियम सामन्याआधी दोन्ही संघांपुढे वाचून दाखवला असता, तर पंचांना दोन वाक्यांत मोकळं होता आलं असतं.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. या सामन्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू झाला. इराणचा मोहम्मदरेझा शादलूई पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतला. पलटणचा कर्णधार होता आपला अस्लम इनामदार, जो हांगझोऊला भारताच्या संघात होता. ज्या नियमावरून दोघांचे संघ मॅटवर बसून राहिले, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दोघं एका संघातून खेळले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. खेळाडूंच्या मनात कटुता राहिली नाही. गोंधळ राहिला तो पाहणाऱ्याच्या मनात, कारण खेळाडूला नियम सांगणारा प्रशिक्षक असतो. चाहत्याला कोणी नसतं.

सरपंच, पंच आणि त्यांची नजर

कबड्डीच्या एका सामन्याला एक सरपंच, दोन बाजूंना दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक असतात. बाजूचे पंच आपापल्या कडेची रेषा, लॉबी आणि स्पर्श पाहतात. साहाय्यक गुणलेखकांकडे मागच्या अंतिम रेषा आणि बाद होऊन बसलेल्या खेळाडूंचा क्रम असतो. मतभेद झाला तर शेवटचा शब्द सरपंचाचा.

आता त्यांच्या जागी स्वतःला उभं करून पाहा. एक चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात चढाईपटूनं निदानरेषा ओलांडली का, सहा किंवा जास्त बचावपटू असताना बोनसरेषेपलीकडे एक पाय ठेवून दुसरा उचलला का, दम सुटला का, आधीच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यामुळे ही तिसरी करा किंवा मरा आहे का, समोर तीनच जण उरले असतील तर पकड अव्वल ठरते का, हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवायचं. त्यातले बरेच नियम खेळ टीव्हीवर वेगवान दिसावा म्हणून गेल्या काही वर्षांत आले. खेळ रंगतदार झाला, मी स्वतः तो आवडीनं पाहतो. पण प्रत्येक नव्या नियमानं पंचाच्या डोळ्यांवर एकेक ओझं वाढवलं, आणि तो नियम गावोगावच्या मैदानात उतरायला वर्षं लागतात. आजही आमच्या भागात एका स्पर्धेत करा किंवा मरा चढाई असते आणि चार कोसांवरच्या दुसऱ्या स्पर्धेत नसते.

पाठ लागली की नाही लागली

कुस्तीत पंचाच्या नजरेचा हा प्रश्न जास्त जिव्हारी लागतो, कारण तिथे एका क्षणात सगळं संपतं.

आमच्याकडच्या दंगलीत गुण नसतात. पाठ मातीला लागली, आस्मान दिसलं की कुस्ती निकाली. नाही लागली तर दोघांचे हात वर करून बरोबरीत सोडवायची. भोवती बसलेल्या हजार माणसांना निकाल पंचाच्या आधी कळलेला असतो. गादीवरची कुस्ती तशी नाही. ताबा घेतला तर दोन गुण, रिंगणाबाहेर ढकललं तर एक, उभ्यानं उचलून थेट पाठीच्या धोक्यात टाकलं तर चार. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत संपते. आणि गुण सारखे झाले तरी बरोबरी नसते. मोठ्या गुणांचा डाव कोणी केला ते आधी पाहतात, मग कोणाला ताकीद कमी मिळाली, आणि तेही सारखं असेल तर शेवटचा गुण कोणी घेतला. गुणफलकावर सारखे आकडे आणि हात एकाचाच वर, हे पाहून पहिल्यांदा गादीची कुस्ती बघणारा माणूस चक्रावतो. त्यात त्याचा दोष नाही.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं, ते बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलं आहे. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे लढत होते. पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी घोषित केलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं राक्षेचं म्हणणं होतं. वाद वाढला आणि राक्षेनं पंचांना लाथ मारली. त्यानंतर मोहोळ आणि महेंद्र गायकवाड यांच्या किताबाच्या लढतीतही एका गुणावरून वाद झाला, गायकवाड आखाडा सोडून गेला आणि गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड, दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

आंतरराष्ट्रीय नियमात चितपट म्हणजे दोन्ही खांदे गादीला टेकलेले, आणि पूर्ण ताबा आहे हे पंचाला दिसेल इतका वेळ तसेच धरलेले. 'इतका वेळ' म्हणजे किती, हे सेकंदांत लिहिलेलं नाही. म्हणूनच गादीवरचा पंच एकटा चितपट देत नाही. बाजूला बसलेला दुसरा पंच किंवा मॅट चेअरमन यांची संमती लागते. गुणाबद्दल तक्रार असेल तर प्रशिक्षक स्पंजचा ठोकळा गादीवर फेकून आव्हान देतो आणि चित्रफीत पाहिली जाते. चितपटीला मात्र ही सोय नाही, कारण ती आधीच दोघांच्या डोळ्यांनी खात्री करून दिलेली असते असं नियम गृहीत धरतो.

हे गृहीतक मला पटत नाही. दोन माणसं गादीच्या दोन बाजूंना बसलेली असतात, आणि खांदा ज्या बाजूनं उचललेला असेल ती बाजू पैलवानाच्याच शरीरामागे झाकलेली असू शकते. वर्षभर पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराचं सगळं वर्ष ज्या क्षणावर ठरतं, त्याच क्षणाला फेरतपासणी नाही, हे उलटं आहे. एका गुणाला आव्हान आहे, पूर्ण कुस्तीला नाही.

त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला कोथरूडच्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत असंच झालं होतं. गायकवाडच्या बाहेरची टांग या डावाला चार गुण मिळाले. सिकंदरची पाठ खरंच धोक्याच्या कोनात गेली होती का, यावर गावोगावच्या तालमींत महिनाभर वाद चालला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तर दोन संघटनांच्या दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. फुलगावला सिकंदर जिंकला, धाराशिवला राक्षे. एकाच किताबाचे एकाच महिन्यात दोन मानकरी. वारसा १९६१ पासूनचा, आणि त्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी कोण असं पोरानं विचारलं तर बापानं काय सांगायचं?

त्याच चेंडूवर बाद आणि नाबाद

क्रिकेटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे कॅमेरे भरपूर आहेत आणि तरी राग कमी झालेला नाही. पायचीतच्या निर्णयावर संघानं दाद मागितली की चेंडू पुढे कुठे गेला असता, ते संगणक आखून दाखवतो. ती रेघ अंदाजाची असते, प्रत्यक्षातली नाही. म्हणून अर्ध्यापेक्षा कमी चेंडू यष्टीला लागताना दिसला, तर मैदानावरच्या पंचानं दिलेला निर्णय कायम राहतो. यालाच अंपायर्स कॉल म्हणतात. चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंटिमीटर, म्हणजे सगळा फरक साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासचा. अगदी तसाच चेंडू एका पंचानं बाद दिला तर बाद, दुसऱ्यानं नाबाद दिला तर नाबाद. ऐकायला विचित्र वाटतं, पण मला हा नियम प्रामाणिक वाटतो. यंत्राला जिथवर खात्री आहे तिथवर यंत्राचं, त्यापुढे माणसाचं. आणि तिसरा पंच काय पाहतो आहे, कोणतं चित्र मागतो आहे, हे आपल्याला टीव्हीवर त्याच्या तोंडून ऐकू येतं. हांगझोऊच्या त्या तासात आम्हाला हवं होतं ते इतकंच.

राग आला तर

फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी सुनील गावसकरांना ७० धावांवर पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला होता, असं गावसकरांचं म्हणणं. ते इतके भडकले की दुसऱ्या टोकाच्या चेतन चौहानलाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेवर संघाचे व्यवस्थापक शाहिद दुर्राणी उभे होते. त्यांनी चौहानला परत खेळायला पाठवलं. दोघंही बाहेर गेले असते तर सामना सोडून दिल्याचं धरलं गेलं असतं. पुढे ऑस्ट्रेलियाला १४३ धावा हव्या होत्या, कपिलदेवनं दुखऱ्या पायानं पाच बळी घेतले, त्यांचा डाव ८३ वर आटोपला आणि भारत ५९ धावांनी जिंकला. गावसकरांनी नंतर त्या कृतीबद्दल खेद व्यक्त केला.

गावसकरांसारखा माणूसही त्या क्षणी स्वतःला आवरू शकला नाही, हे लक्षात ठेवलं की राक्षेचा संताप कळतो. कळतो, पण लाथेचं समर्थन होत नाही. पंचाला मारलं की चर्चा खांद्यावरून लाथेवर जाते. अहिल्यानगरला तेच झालं, खांदे टेकले होते की नाही हा प्रश्न लोक आठवड्यात विसरले. रागावलेल्या माणसापुढे त्या क्षणी कोणीतरी दुर्राणींसारखं उभं असावं लागतं.

पंच नसलेली लढत

सावरगावच्या माणसानं हे लिहावं आणि गोटमारीचं नाव काढू नये, हे शक्य नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. अलीकडच्या काठावर सावरगाव, पलीकडे पांढुर्णा. पांढुर्ण्याच्या लोकांनी झाड तोडून झेंडा न्यायचा, सावरगावनं तो राखायचा, आणि मध्ये दोन्हीकडून दगड. नियम इतका सोपा की चार वर्षांच्या लेकरालाही ठाऊक असतो. झेंडा कोणाच्या हातात आहे, हे दोन्ही काठांवरून दिसतं. निकालावरून भांडण होत नाही.

पण इथे शिट्टी मारणारा कोणी नाही. खाली पडलेल्याला वाचवायला 'थांबा' म्हणणारा कोणी नाही. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, कोणाचा डोळा जातो, आणि जीव गेल्याच्याही नोंदी आहेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते घेतले नाहीत. हे मी माझ्या गावाबद्दल जड मनानं लिहितो आहे. त्या दिवशी काठावर उभं राहून मला दरवर्षी वाटतं की चुकणारा का होईना, एक पंच इथे हवा होता. नियम सोपा असून भागत नाही, तो थांबवणारा हातही लागतो. म्हणून पंचांवर चिडणाऱ्या माझ्या मित्रांना मी सांगतो, तो माणूस नसता तर काय होतं ते आपल्या नदीत जाऊन पाहा.

मागायचं ते काय

पंचानं कधीच चुकू नये, असं मागून उपयोग नाही. मागता येईल अशा गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

पहिली म्हणजे निर्णयाचं कारण मोठ्यानं सांगणं. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात पंच चित्रफीत पाहून आल्यावर मैदानातूनच माइकवर निर्णय आणि त्याचं कारण सांगत होत्या. कबड्डीत आणि कुस्तीत हे आजपासून करता येईल, आपल्याकडे प्रत्येक गावातल्या स्पर्धेत भोंगा असतोच. दुसरी, चितपटीलाही आव्हानाची मुभा. कुस्ती थांबलेलीच असते, दोन मिनिटं चित्रफीत पाहायला काय हरकत? आणि कबड्डीच्या संघटनांनी लॉबीचा नियम एकदा बसून एकच करावा, मग तो कोणताही असो. नियम कडक असला तर खेळाडू आठवड्यात शिकतात. दोन असले तर जन्मभर चाचपडतात.

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका स्पर्धेला गेलो होतो. रात्रीचे दहा वाजले होते, थंडी मी म्हणत होती, मैदानाभोवती लोक घोंगड्या-शाली पांघरून बसले होते. उपांत्य सामन्याआधी सरपंचानं भोंग्याचा माइक हातात घेतला आणि चालत चालत लॉबीपाशी गेला. फक्की नुकतीच मारलेली होती. पट्ट्यात एक पाय ठेवून तो म्हणाला, "ऐका रे पोट्टेहो. हात न लावता इथं कोनी आला, थोच बाद. त्याच्या मांगं जे येतीन, थे बाद नाही. चढाई तिथंच संपली. समजलं?" एका कोपऱ्यातून एक पोरगा ओरडला, "सर, आन् आधी आमचा गडी लॉबीत गेला तं?" सरपंच त्या बाजूला वळला. "तं तुहा गडी बाद, चढाई चालू." पोरानं मान हलवली. हांगझोऊचा सामना आमच्यासोबत पाहणारे काका माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी मफलर कानावरून खाली केला, "हां, आता होऊ द्या," म्हणाले, आणि शिट्टी वाजली.